अर्धा उखाणा

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि न सांगता जेवायला येणारे आमचे सर्व पाहुणे यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, काल सकाळी प्रस्तुत लेखिकेने तापवलेल्या दुधाचं पातेलं पुस्तकांच्या कपाटात नेऊन ठेवलं. का ठेवलं, याचा तपास चालू आहे. पातेलं कुठे आहे हे लेखिकेच्या आधी मांजराला आठवलं. सबब, उद्या सकाळच्या चहानंतर या घरात परेड सुरू होत आहे. कोणी घाबरून जाऊ नये. बंदुका लागणार नाहीत. एक सूप पुरे.

ही घोषणा मी घरात उभं राहून, खणखणीत आवाजात केली. मुलं हसली. यजमानांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "सुभेदारीण मावशींची का?"  यजमानांचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझं माहेर सांगलीचं. लग्न होऊन मी साताऱ्याला मंगळवार पेठेत आले तेव्हा रॉकेल रांगेत मिळत होतं आणि साखर दिसली तर नमस्कार करावासा वाटत होता. यजमान शाळामास्तर. आमच्या दोन खोल्या, मध्ये फरसबंदी अंगण, समोर दुसऱ्या दोन खोल्या. त्या समोरच्या खोल्यांत सुभेदार आणि सुभेदारीण मावशी राहत. पहिल्याच सकाळी मी दार उघडलं, तर अंगणातून आरोळी आली, "टेनशन!"

माझ्या हातातला तांब्या पडला. समोर एक उंच, सडपातळ बाई काष्टा घालून उभी. कपाळावर पैशाएवढं कुंकू, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिच्यापुढे घोंगडीवर एक धिप्पाड म्हातारा ताठ बसलेला, फेटा बांधलेला, मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबं ठेवावीत. दोघांच्या मध्ये एक सूप, आणि सुपावर बाईचा पदर.

"सांगा," बाई म्हणाली.

"सुपारी," म्हातारा म्हणाला. "बिब्बा. चिंच. बांगडीचा तुकडा. माझ्या कोटाचं पितळी बटन. आन्... आन्..."

"आन्?"

"काय न्हाई."

"गुळाचा खडा हुता की! त्यो कुटं गेला?"

सुभेदारांनी तोंडातलं काहीतरी घाईघाईने गिळलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "दुस्मनानं पळवला."

ही डोस्क्याची परेड. हे नाव मावशींनीच ठेवलेलं. सुभेदारांनी पलटणीत उभी हयात पोरांना पाय आपटायला शिकवलं. आता घरात मावशी हुकूम द्यायच्या आणि सुभेदार ते पाळायचे. मावशी त्यांच्याबरोबर काही महिने छावणीत राहून आल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर त्यांनी सगळे इंग्रजी हुकूम आपल्या पद्धतीने घडवून घेतले होते. 'टेनशन' म्हणजे लक्ष दे. 'इस्टँडटीज' म्हणजे चहा घे. 'डिसमिस' म्हणजे आता आंघोळीला उठा.

मला आधी वाटलं, ही म्हातारा-म्हातारीची थट्टामस्करी आहे. हळूहळू कळलं ते वेगळं. सुभेदार विसरायला लागले होते. सुरुवात तंबाखूच्या चंचीपासून झाली. ती तांदळाच्या डब्यात सापडायची. मग एकदा ते मंडईत जाऊन वांगी घेऊन आले, पिशवी ठेवली, पुन्हा गेले आणि पुन्हा वांगी घेऊन आले. मावशींनी दोन्ही खेपांची वांगी मुकाट्याने शिजवली, निम्मी आमच्याकडे पाठवली. तिसऱ्या दिवशी सूप निघालं.

मावशी कुंडलच्या, शेतकऱ्याची लेक. शाळेचं तोंड त्यांनी बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण डोक्याविषयी त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते सगळं विहीर, वाट आणि वाकळ यांतून आलेलं होतं.

"डोस्कं म्हंजी हिरीचं पानी," त्या म्हणायच्या. "उपसत ऱ्हायलं की गोड. ऱ्हाऊ दिलं की शेवाळ."

म्हणून उपसा चालू. सकाळी सूप. मग हौदावर पाणी आणायला दोघं जायची, पण रोज वेगळ्या गल्लीने. सरळ वाट टाकून ही दोघं भलत्याच बोळातून का येतात, म्हणून लोक बघत राहायचे. मी एकदा विचारलं.

"एकाच वाटंनं गेलं की पाय शानं हुत्यात," मावशी म्हणाल्या, "आन् डोस्कं अडानी ऱ्हातं."

वाटेने पावकी-निमकी चालायची. सुभेदार पाढे म्हणायचे ते पाय आपटत. अकरा पावकीला डावा पाय, बारा पावकीला उजवा. सवाईपर्यंत गाडी नीट यायची, दिडकीला गचके खायची. गचका बसला की मावशी थांबायच्या. भर रस्त्यात, डोक्यावर हंडा. सांगायच्या मात्र नाहीत. पुढचा आकडा आठवेपर्यंत तशाच उभ्या. "सांगितलं तर त्यो माजा. आठीवला तर त्यांचा," हा नियम.

दुपारी वाकळ. मावशी जुन्या कापडांच्या वाकळा शिवत आणि प्रत्येक तुकडा कुठल्या कपड्याचा हे सुभेदारांना ओळखायला लावत. "ह्यो?" "माज्या बाच्या पटक्याचा." "ह्यो?" "बसऱ्याहून आनल्याला." "आन् ह्यो हिरवा?" सुभेदार त्या हिरव्या तुकड्यावर बोट फिरवत बसायचे आणि मिशीत हसून म्हणायचे, "त्यो तुज्या हळदीच्या लुगड्याचा. ह्यो मी मेलो तरी इसरनार न्हाई." मावशी सुई चालवत राहायच्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या. साठीची बाई!

आणि दिवेलागणीला दिवस उलटा उसवायचा. म्हणजे आता काय झालं, त्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय, असं करत थेट सकाळच्या राखुंडीपर्यंत. मी हे आमच्याकडे यजमानांवर करून पाहिलं. ते शाळेतून साडेपाचला सुटले इथपासून साडेसहाला घरी आले इथपर्यंतच्या तासाला येऊन जे अडले, ते आजतागायत अडलेले आहेत.

परेडचा गुण येत होता, यात शंका नाही. कधीकधी नको तितका येत होता. एका सकाळी सुभेदार आमच्याकडे चहाला आले. सासूबाई नुकत्याच देवपूजेवरून उठलेल्या. यजमानांनी बिडी सोडल्याची शपथ त्यांच्यापुढे घेऊन आठवडा झालेला. सुभेदारांनी खोलीभर नजर फिरवली. सुपातलं काय हललं ते ओळखायची सवय अंगात भिनलेली. ते एकदम उठून ताठ उभे राहिले.

"मास्तर, काल ह्या कोनाड्यात बिड्यांचं बंडल हुतं. आज न्हाई."

यजमानांचा चहा नाकात गेला.

"आज त्ये तुमच्या टोपीत हाय," सुभेदारांनी विजयी स्वरात पुढे सांगितलं. "टोपी येका अंगाला कललीया."

सासूबाईंनी हात पुढे केला. टोपी निघाली. मावशी दारातून बघत होत्या. त्या इतक्या आनंदल्या की त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. "बघितलंस मास्तरीण? बरुबर वळखलं! येकदम बरुबर!" आमच्या घरात पुढचे दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं, हा भाग त्यांच्या लेखी अगदी किरकोळ होता.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना एक दिवस रेशनचा कारकून आला. दारोदार फिरून घरातली माणसं लिहून घेत होता. मी अंगणात डाळ निवडत होते. त्याने समोरच्या दारात उभं राहून विचारलं, "घरातल्या कर्त्याचं नाव?"

सुभेदार उठले, ताठ झाले, तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

कारकुनाला वाटलं म्हातारा ठार बहिरा आहे. तो ओरडला, "आजोबा, नाव! नाव!" सुभेदारांनी मावशींकडे पाहिलं. पहिल्या लढाईत बसऱ्याला गोळ्या झेललेला तो माणूस घाबरला होता. आणि मावशींच्या ओठांवर ते नाव आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. पण पुढे सरकत नव्हतं. लग्न झाल्या दिवसापासून ते नाव त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं. आमच्या भागात तेव्हा कोणतीच बायको घेत नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे आईने सांगितलेलं, तिला तिच्या आईने. एकाला नाव आठवत नाही, दुसरीला घेता येत नाही, आणि मध्ये पेन्सिल चाटत उभा असलेला कारकून.

"हैबतराव!" मी डाळीतून ओरडले. "लिहा, हैबतराव."

कारकून गेला. सुभेदार आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मावशी माझ्यापाशी येऊन टेकल्या आणि माझ्या ताटातली डाळ निवडायला लागल्या.

"तू हुतीस म्हून निभावलं," त्या म्हणाल्या. "पन तू काय रोज दारात हुबी ऱ्हानार हायस व्हय?"

"मावशी, तुम्हीच सांगायचं ना मग. एवढ्याने काय होतंय?"

"म्या? आन् त्यास्नी काय झालं म्हंजी?" त्यांनी खडा लांब भिरकावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, आमाला न्हाई लेक, न्हाई लेकरू. माझं माह्यार संपलं. मला नावानं वळखनारं मानूस आता ह्ये येकच. आज सोताचं नाव इसरल्यात. उद्या मला इसरतील. मग मी हाय कुनाच्या ध्येनात?"

 नव्या नवरीला काय सुचणार? मी आपलं म्हटलं, "उखाण्यात घेतलेलं चालतं की."

हे मी बोलायला बोलले. मावशींचा हात ताटातच थांबला. त्या तशाच उठून आत गेल्या.

दुसऱ्या सकाळच्या परेडला सूप नव्हतं. मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पालीच्या जत्रंत भंडारा उधळला..." आणि थांबल्या. सुभेदारांनी नुसतं पाहिलं. मग मावशींनी मला खूण केली. मला आधी पढवून ठेवलेलं होतंच. मी पुढची ओळ म्हटली, "हैबतरावांच्या नावानं जीव माझा उजळला."

"अर्दा माजा," मावशींनी मला समजावलं, "अर्दा त्यांचा. मी नाव घेतलं न्हाई. द्येवाला बी बोल लावाया जागा न्हाई."

पाली म्हणजे खंडोबाची पाली. लग्नाच्या वर्षी दोघं तिथल्या जत्रेला गेली होती. उधळलेल्या भंडाऱ्यात माणसाला माणूस दिसेना. नवी नवरी गर्दीत हरवली आणि हैबतरावांनी एका बैलगाडीच्या धावेवर चढून तिला हुडकून काढलं. ती आठवण पक्की आहे, म्हणून तिलाच नाव बांधलं, असा मावशींचा हिशेब. सैल खुंटीला दावं बांधत नाहीत, म्हणाल्या.

चार-आठ दिवस मी त्या उखाण्याची दुसरी ओळ म्हणत होते. मग एका सकाळी मावशी म्हणाल्या, "पालीच्या जत्रंत भंडारा उधळला..." आणि मी तोंड उघडायच्या आत अंगण दणाणलं, "हैबतरावांच्या नावानं जीव माझा उजळला!" तो आवाज परेडच्या मैदानावरचा होता. हौदावरची कबुतरं उडाली. सासूबाईंच्या हातातली पळी देव्हाऱ्यात पडली.

झालं एवढंच की, मावशींनी बायकांच्या तोंडचा उखाणा एका मिशाळ सुभेदाराला पाठ करून दिला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ते सांगलीला आलं.

सांगलीत माझ्या माहेराजवळ एक नामांकित वैद्य होते. विसरभोळेपणावर त्यांच्या ब्राह्मीच्या तुपाचा गुण येतो, अशी ख्याती होती. मी दिवाळीला माहेरी निघाले तेव्हा मावशी आणि सुभेदार माझ्याबरोबर निघाले. सातारा रोडला आगगाडी धरली. गाडीतही परेड चालूच. कुंडलची शिवारं दिसू लागली तेव्हा मावशींनी विचारलं, "ह्यो गाव कुनाचा?"

"तुज्या बाचा," सुभेदार म्हणाले. "हुंड्यात म्हस देतो म्हनला आन् रेडकू दिलं."

सगळा डबा हसला. मावशी सगळ्यांत जास्त. बापाच्या अब्रूपेक्षा नवऱ्याची आठवण त्यांना मोलाची वाटत होती.

वैद्यबुवा मोठे शांत गृहस्थ. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, एका हाताने चूर्णाची पुडी बांधत प्रेमाने विचारलं, "नाव काय आपलं?"

सुभेदार ताडकन उभे राहिले. टाचा जुळल्या. छाती पुढे आली. आणि त्या शांत दवाखान्यात ते गरजले, "हैबतरावांच्या नावानं जीव माझा उजळला!"

पुडी उडाली. सगळं चूर्ण वैद्यबुवांच्या दाढीवर. बाकावर बसलेल्या बायका पदर तोंडात कोंबून वळवळायला लागल्या. वैद्यबुवांनी दाढी झटकत मावशींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सुभेदारांकडे पाहिलं. "हे... हे यांच्या मंडळींचं नाव?" त्यांनी मलाच हळूच विचारलं.

मी सगळा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी नवी पुडी बांधली, तुपाची बाटली दिली आणि मावशींना म्हणाले, "हे तूप सकाळी द्या. पण तुम्ही जे करताय ते बंद करू नका. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. आहे ते जितके दिवस हलतं ठेवाल तितके दिवस टिकेल."

"म्हंजी शेवाळ धरनार न्हाई," मावशी म्हणाल्या.

"उशिरा धरेल," वैद्यबुवा म्हणाले.

मावशींनी बाटली कनवटीला खोचली.  बाहेर पडून आम्ही गणपती पेठेतून चाललो होतो. हळदीचे सौदे चालू होते. रस्ताभर पोती, पोत्यांवर माणसं, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणारे दलाल आणि सगळ्यांवर पिवळी धूळ. मावशी म्हणाल्या, "अगदी पालीवानी दिसतंय न्हवं?" आणि हे सांगायला त्या शेजारी वळल्या, तर शेजारी सुभेदार नव्हते.

इथून पुढे जे झालं ते मला आजही डोळे मिटून दिसतं.

मावशींनी आधी नेहमीसारखी हाक मारली. "अवं!" हळदीच्या बाजारातले निदान पंचवीस लग्न झालेले पुरुष मागे वळले. "आवं, ऐकलं का!" आणखी पंचवीस वळले. त्यांत आमचा एकही नव्हता. मी पुढे झाले आणि ओरडले, "सुभेदार!" आता हा मुलूख सातारा-सांगलीचा. इथे प्रत्येक घरातून कोणी ना कोणी पलटणीत. तीन सुभेदार आणि एक हवालदार अदबीने पुढे आले. मी शरम सोडून ओरडले, "हैबतराव!" तर एक ठेंगणा, टकला हैबतराव पोत्यामागून डोकावला आणि म्हणाला, "काय ताई?"

मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. माणूस हरवलं तर विचारपूस करता येते. स्वतः कोण हेच ज्याला सांगता येत नाही ते माणूस हरवलं तर? नदी जवळ, आगगाडी जवळ. मी रडायच्या बेतात. एवढ्यात मावशींनी काष्टा आवळला आणि रचलेल्या पोत्यांवर चढायला सुरुवात केली. एक हमाल म्हणाला, "आवं आजी, पडाल!" त्या वर जाऊन उभ्या राहिल्या, हळदीने माखलेल्या, आणि खालच्या त्या सगळ्या पुरुषांच्या बाजारावर त्यांनी आवाज टाकला,

"पालीच्या जत्रंत भंडारा उधळलाऽऽ!"

 रुमालाखालची बोटं थांबली. कोणीतरी म्हणालं, "म्हातारीला वारं आलं." दुसरा म्हणाला, "गप रं."

उत्तर नाही.

त्यांनी पुन्हा घातली ओळ. आवाज फाटला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या तेव्हा शेवटचा शब्द निघालाच नाही, नुसता श्वास निघाला. आणि तेव्हा, पार पलीकडच्या वखारीच्या आतून, परेडच्या मैदानावरचा तो आवाज आला,

"हैबतरावांच्या नावानं जीव माझा उजळला!"

अख्खा हळदबाजार टाळ्या वाजवायला लागला. आम्ही धावलो. पोती वाहणारे हमाल ओळीने चाललेले पाहून सुभेदार त्यांच्यामागून चालू पडले होते. वखारीत पोचल्यावर त्यांनी त्या हमालांना दोन रांगांत उभं केलं होतं आणि ती बिचारी माणसं कोणी मोठा साहेब आला असं समजून डावं-उजवं करत होती. मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोघंही नखशिखांत पिवळी.

"कुटं गेलतासा?" 

"म्या हितंच हाय," सुभेदार रागाने म्हणाले. "तूच हरवलीस जत्रंत. किती हुडकायचं तुला?"

मावशींनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चुकलं."

त्यानंतर पुढची काही वर्षं शेवाळ लांबच राहिलं. लढाई संपली, साखर आली, आमच्या घरात पाळणा हलला. माझ्या मुलीला मोजायला सुभेदारांनी शिकवलं, पावकीसकट. पण वैद्यबुवा खरं बोलले होते. सुपातल्या वस्तू कमी होत गेल्या. आधी बिब्बा गेला, मग चिंच, मग बांगडी. शेवटी सुपात नुसतं पितळी बटण असायचं. त्यावरही मावशी पदर घालायच्या, आणि सुभेदारांनी "बटन" म्हटलं की त्यांचं तोंड असं फुलायचं की जणू त्यांनी बत्तीस वस्तू सांगितल्या. हौदाची वाट एकच झाली. वाकळीचा हिरवा तुकडा सुभेदार हातात धरून बसायचे, तो कोणाचा ते सांगायचे नाहीत. उखाणा मात्र टिकला होता. आवाज बारीक झाला होता, पण दुसरी ओळ यायची.

मग यजमानांची बदली झाली. निघायच्या सकाळी टांगा दारात उभा होता. ट्रंका चढत होत्या, सासूबाई टांगेवाल्याला हाकायचं कसं ते शिकवत होत्या. शेजारपाजारच्या बायका निरोपाला जमल्या होत्या. मी नमस्कार करायला समोर गेले. घोंगडीवर सुभेदार बसलेले. फेटा मावशींनी बांधलेला, म्हणून थोडा उंच. मिशा उतरलेल्या.

"थांब जरा," मावशी मला म्हणाल्या. "परेड व्हायची हाय. मग जा."

त्या समोर उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"पालीच्या जत्रंत भंडारा उधळला..."

सुभेदार हाताच्या रेषा बघत होते.

"पालीच्या जत्रंत..."

त्यांनी वर पाहिलं. मावशींकडे बघून ते अगदी सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसं हसले. "बाई," ते म्हणाले, "तुमी कुन्या गावच्या?"

 टांगेवाला चाबूक खाली करून बघत राहिला. मी सुभेदारांच्या वतीने दुसरी ओळ म्हणायला तोंड उघडलं, मावशींनी हाताने मला अडवलं. त्या हळूच सुभेदारांच्या समोर बसल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "खंडेराया, जरा कान झाक."

मग सुभेदारांच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांच्या देखत, स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "हैबतराव."

सुभेदार दचकले. पाठ ताठ झाली. चेहरा लालबुंद झाला, मिशा थरथरल्या, आणि जमलेल्या बायकांवरून एक नजर फिरवून ते मावशींवर ओरडले, "आगं ए! चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतीस? लाज हाय का न्हाई तुला!"